मुकी पेटी

आपल्या वऱ्हाडांत ज्या गांवीं भजनी मंडळ नाहीं असें गांव सांपडणें कठीण, आणि ज्या मंडळाच्या मध्यभागीं पेटी नाहीं असें मंडळ सांपडणें त्याहूनहि कठीण. टाळ, मृदंग आणि पेटी हीं तीन वाद्यें एकत्र आलीं, म्हणजे दिवसभर कपाशीच्या शेतांत राबलेलीं माणसें रात्रीं दहा वाजतां पुन्हां ताजींतवानीं होतात. माझा जन्म अशाच एका गांवीं, मेहकर तालुक्यांत, पैनगंगेपासून थोड्या अंतरावर झाला. माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडें नाना म्हणतों, हे तेथील मंडळाचे पेटीवाले. त्यांच्या पेटीची आणि माझ्या एका फजितीची हकीकत आज आपणांपुढें मांडीत आहें. फजिती सर्वस्वीं माझी आहे. तिच्यांतून जो कांहीं बोध निघेल तो मात्र विद्यार्थिमित्रांनीं आपला म्हणून खुशाल घ्यावा.

पेटी हें वाद्य मूळचें आपलें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्स देशांत देबें नांवाच्या कारागिरानें तें सिद्ध केलें. तेथें तें टेबलाएवढें मोठें असे, आणि त्याचा भाता पायांनीं चालवीत. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांस तें गैरसोयीचें होतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याचा भाता पाठीमागें आणून हातानें चालवितां येईल अशी सुटसुटीत पेटी बनविली, आणि तेव्हांपासून हें वाद्य घरोघर गेलें. मराठी संगीत रंगभूमीनें तिला मानाचें आसन दिलें; गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तिची कीर्ति वाढविली. पेटीचे सूर ठराविक, तिच्यांतून मींड निघत नाहीं, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीनें तिला बंदी केली होती. परंतु आमच्या गांवच्या मंडळानें ती बंदी कधींच मनावर घेतली नाहीं. असो. या वाद्याची एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. पेटी वाजविण्यास दोन हात लागतात. उजवा हात पट्ट्यांवर फिरतो, आणि डावा हात भाता हलवितो. उजव्या हाताचें कौतुक सर्व जण करितात; डाव्या हाताकडे कोणाचें लक्ष नसतें. पण तो थांबला कीं पेटी मुकी होते.

तीन वर्षांपूर्वीं, मृग नक्षत्राच्या दिवसांत, नानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. औषधोपचारानें व रोजच्या व्यायामानें ते काठीच्या आधारानें चालूं लागले, बोलणेंहि पूर्ववत् झालें. परंतु डावा हात कांहीं परत आला नाहीं. पेटी तांबड्या फडक्यांत गुंडाळून फडताळावर ठेवण्यांत आली. नाना भजनास जात, पण मागें, खांबाला टेकून बसत. पुढें त्यांच्या जागीं त्यांनींच शिकविलेला एक मुलगा वाजवी. एकदां माझ्या भाच्यानें मोठ्या उत्साहानें 'आजोबा, भाता मी चालवितों, तुम्ही पट्ट्या धरा' म्हणून प्रयत्न करून पाहिला. दोन ओळी झाल्या न झाल्या तोंच नानांनीं हात काढून घेतला. "दुसऱ्याच्या दमानं गाता येते का रे?" एवढेंच ते म्हणाले. त्या दिवशीं मला प्रथम समजलें, कीं भाता म्हणजे नुसती हवा भरण्याची युक्ति नव्हे. सुराला कोठें फुगवावें आणि कोठें विरूं द्यावें, हें त्यांचा डावा हातच ठरवीत असे.

मी पडलों विज्ञानाचा शिक्षक. हवेशिवाय वाजणारी पेटी नानांना मिळाली तर? माझ्या घरीं दहा वर्षांपूर्वींचा एक संगणक धूळ खात पडला होता. त्यावर मीं लिनक्स ही प्रणाली चढविली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला. पुढें जगभरच्या लोकांनीं आपापल्या श्रमाची भर घालून ती वाढविली, आणि ती कोणासहि विनामूल्य घेतां येते, उघडून पाहतां येते, सुधारतां येते. केरळांतील शाळांमधून मुलें याच प्रणालीवर संगणक शिकतात. आपल्या देशांतील सी-डॅक या संस्थेनें 'बॉस' नांवाची तिची एक आवृत्ति काढिली आहे. या प्रणालीवर 'फ्लुइडसिंथ' नांवाचें सॉफ्टवेअर मिळतें. तें स्वतः एक वाद्यच आहे. फरक इतकाच कीं त्याला लांकूड नाहीं, पितळ नाहीं. खऱ्या वाद्यांचे एकेक सूर ध्वनिमुद्रित करून 'साउंडफॉन्ट' नांवाच्या फायलींत सांठविलेले असतात. आपण पट्टी दाबली कीं हें सॉफ्टवेअर त्यांतून योग्य तो सूर काढून वाजवितें. दाबावयास पट्ट्या हव्यात, म्हणून मीं एकोणपन्नास पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड विकत घेतला. अशी सर्व सामग्री जमली. आषाढी एकादशीस पंधरा दिवस होते. त्या रात्रीं गांवीं मोठें भजन असतें. मीं नानांना चिखलीमार्गें एस्. टी. नें बुलढाण्यास आणिलें आणि सांगितलें, "नाना, यंदाच्या एकादशीला पेटी तुम्ही वाजवायची."

हें वचन देतांना मीं स्वतः ती वाजवून पाहिलेली नव्हती, ही माझी पहिली चूक.

संध्याकाळीं नाना न्हाऊन, स्वच्छ धोतर नेसून कीबोर्डापुढें बसले. उजव्या हाताचें बोट काळी चारच्या 'सा' वर ठेवून त्यांनीं दाबलें. कांहींच ऐकूं आलें नाहीं. पुन्हां दाबलें, शेजारची पट्टी दाबली, सर्व पंजा ठेवून पाहिला. पेटी मुकीच. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, आणि हात हळूच काढून मांडीवर ठेवला. भाच्याबरोबरच्या त्या दिवशीं काढून घेतला होता, अगदीं तसाच.

पुढचे चार दिवस मीं जें केलें, तें विज्ञानाच्या शिक्षकास शोभण्यासारखें नव्हतें. पहिल्या दिवशीं सर्व सॉफ्टवेअर काढून पुन्हां घातलें. दुसऱ्या दिवशीं फ्लुइडसिंथला थेट साउंड कार्डाशीं बोलावयास सांगितलें, तेव्हां 'साधन व्यापृत आहे' असें उत्तर मिळालें. म्हणून तेंहि सोडून दिलें. तिसऱ्या दिवशीं कीबोर्डाची जोडणी बदलली, आवाजाचीं मापें बदललीं, केबल बदलली, आणि हें सर्व एकाच वेळीं. आवाज न आल्यामुळें सर्व पूर्वीसारखें केलें. चौथ्या दिवशीं, आतां बदलण्यासारखें कांहींच उरलें नाहीं असें पाहून, मीं कीबोर्ड विकणाऱ्या गृहस्थास फोन केला, आणि 'बिघडलेला माल गळ्यांत बांधलात' असे दोन कठोर शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, "साहेब, माझ्याकडे तर वाजत होता." मीं त्याचें ऐकून घेतलें नाहीं.

पांचव्या संध्याकाळीं नाना माझ्या पाठीमागें खुर्चींत बसून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पेटी बोलत नाई, त आपण अगुदर सूर उचकटतो का रे बापू? अगुदर हवा पाह्य. हवा कुठलोक येते, ते पाह्य."

मी थबकलों. लहानपणीं मीं त्यांना पेट्या दुरुस्त करतांना कित्येकदां पाहिलें होतें. पंचक्रोशींतील मुक्या पेट्या आमच्या ओसरीवर येत. नाना कधींहि प्रथम सुरांना हात लावीत नसत. आधीं भाता फाटला आहे काय, तें पाहत. मग आंतल्या पेटींत हवा भरते काय. मग खटका उघडतो काय. मग पट्टी उचलली जाते काय. आणि सर्वांत शेवटीं पितळी सुराची पत्ती. प्रत्येक ठिकाणीं ते गालाजवळ आणून हवा लागते काय तें पाहत, आणि जेथपर्यंत हवा ठीक आली तेथें खडूनें खूण करीत. दोष खुणेच्या पलीकडे असणार, अलीकडे नव्हे, हें त्यांस ठाऊक असे. विज्ञानाच्या पुस्तकांत मीं जी रीत मुलांस शिकवितों, ती ओसरीवर बसून ते पन्नास वर्षें आचरीत होते.

मीं कागद घेतला आणि हवेची वाट काढिली. बोटानें पट्टी दाबली जाते. पट्टीचा निरोप केबलमधून संगणकांत येतो. संगणकांत तो निरोप फ्लुइडसिंथपर्यंत पोंचवावा लागतो. फ्लुइडसिंथ साउंडफॉन्टमधून सूर काढितो. तो सूर ध्वनीची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेकडे जातो. तेथून साउंड कार्डाकडे, आणि शेवटीं स्पीकरकडे. एवढ्या मुक्कामांपैकीं एक जरी बंद असेल तरी फळ एकच, तें म्हणजे शांतता. म्हणून 'आवाज आला कीं नाहीं' एवढेंच विचारीत बसलें, तर दोष कोठें आहे हें कधींच कळणार नाहीं. प्रत्येक मुक्कामावर गाल लावून पाहिला पाहिजे. मीं ठरविलें, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय केलें व काय झालें तें कागदावर लिहावयाचें.

आरंभ शेवटच्या मुक्कामापासून केला. लिनक्सवर स्पीकर तपासण्याची एक स्वतंत्र आज्ञा आहे. ती दिली म्हणजे एक सुसाट्याचा आवाज सतत होतो. कीबोर्डाचा व फ्लुइडसिंथचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. मीं ती दिली. शांतता! याचा अर्थ असा, कीं चार दिवस मी ज्या कीबोर्डाला दोष देत होतों, तो अगदीं निर्दोष असता तरीहि नानांना कांहीं ऐकूं आलें नसतें. साउंड कार्डांची यादी मागितली, तेव्हां उलगडा झाला. माझ्या संगणकास ध्वनि बाहेर पाठविण्याच्या दोन वाटा होत्या. एक स्पीकरच्या भोंकाकडे, आणि दुसरी पडद्याला चित्र नेणाऱ्या केबलमधून पडद्याकडे. संगणकानें आपण होऊन दुसरी वाट धरिली होती, आणि माझ्या पडद्यास स्पीकरच नव्हता. सर्व आवाज इमानानें एका बहिऱ्या घरीं पोंचविला जात होता! वाट बदलली, आणि खोली त्या सुसाट्यानें भरून गेली. मी आनंदानें ओरडलों. नाना शांतपणें म्हणाले, "हे हवा हाये. सूर नाई अजून." मीं कागदावर पहिली खूण केली.

मग दुसऱ्या टोकाकडे वळलों. कीबोर्डाकडून येणारे निरोप पडद्यावर अक्षरांत दाखविणारी एक आज्ञा आहे. येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. असा कीबोर्ड आवाज पाठवीतच नाहीं. 'मिडी' नांवाचा एक करार १९८३ सालीं निरनिराळ्या देशांच्या वाद्यें बनविणाऱ्यांनीं मिळून अमलांत आणिला. त्याप्रमाणें कीबोर्ड फक्त तीन छोट्या आंकड्यांचें एक पत्र धाडितो. पट्टी दाबली, ती अमुक क्रमांकाची, आणि एवढ्या जोरानें. मधल्या सप्तकाच्या पांढरी एकचा क्रमांक साठ. तारेवरून तार धाडावी तसा हा प्रकार आहे. गाणें म्हणणारा दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. मीं नानांना पट्टी दाबावयास सांगितलें. दाबतांच पडद्यावर ओळ उमटली, आणि सोडतांच दुसरी. त्यांनीं सबंध सप्तक दाबलें; एकहि पत्र गहाळ झालें नाहीं. कीबोर्ड निर्दोष होता. माझे कान तापले, कारण फोनवरचे ते दोन शब्द मला आठवले. दुसरी खूण केली.

आतां मधला मुक्काम. निरोप धाडणारे व घेणारे यांची यादी काढली. कीबोर्डाचें नांव होतें, फ्लुइडसिंथचेंहि होतें. पण दोहोंमध्यें दोरा नव्हता. दोन शेजारी एका भिंतीला पाठ लावून बसावेत, आणि भिंतीला दार नसावें, तसें. माझ्या समजुतीप्रमाणें, केबल लावली कीं सर्व आपोआप जुळावयाचें होतें. परंतु या व्यवस्थेंत कोणाचा निरोप कोणाकडे न्यावयाचा हें बहुधा मालकानें सांगावें लागतें. एक कीबोर्ड दहा ठिकाणींहि जोडतां यावा म्हणून तशी मोकळीक ठेविलेली असते. एका ओळीची आज्ञा देऊन मीं दोरा बांधिला. आश्चर्य असें, कीं कागदावरून पाहतां तिसऱ्या दिवशीं हाच दोरा मीं बांधिला होता, आणि आवाज न आल्यामुळें 'हें चुकलें' असें समजून स्वतःच तोडला होता!

तरीहि सूर निघाला नाहीं. पण या वेळीं मी घाबरलों नाहीं, कारण उरलेला मुक्काम एकच होता. फ्लुइडसिंथच्या खिडकींत पाहिलें. तेथें सर्वांत वर एक ओळ होती, आणि ती पहिल्या दिवसापासून होती. 'साउंडफॉन्टची फाईल उघडतां आली नाहीं' असें ती स्पष्ट इंग्रजींत सांगत होती. पांच दिवस ती माझ्या डोळ्यांपुढें होती, आणि पांच दिवस मीं ती वाचली नाहीं. इंग्रजी येत नव्हतें म्हणून नव्हे, तर संगणक जें लिहितो तें वाचावयाचें नसतें अशी आपली एक संवय झाली आहे म्हणून. फायलीच्या नांवांत कांहीं अक्षरें मोठ्या लिपींत होतीं. मीं तें सर्व लहान लिपींत लिहिलें होतें. लिनक्स हा भेद काटेकोरपणें पाळतो. त्याच्या दृष्टीनें तीं दोन निराळ्या फायलींचीं नांवें झालीं. आपल्या देवनागरींत अक्षराला मोठें व लहान अशीं दोन रूपें नाहींत, त्यामुळें ही चूक आपल्या डोळ्यांस चटकन् खुपत नाहीं. नांव शुद्ध लिहिलें. नानांनीं बोट ठेविलें, आणि पांच दिवसांची मुकी पेटी बोलली.

तीन दोष एकदम होते; आणि तिन्हींपैकीं कोणताहि एक पेटीला मुकी करण्यास पुरेसा होता. म्हणून एकेक दोष सुधारूनहि मला फळ दिसलें नाहीं, आणि फळ न दिसल्यामुळें बरोबर केलेलेंहि मीं मोडीत गेलों. विद्यार्थिमित्रहो, गणितांत दोन पायऱ्या चुकल्या असतां एकच सुधारून उत्तर जुळत नाहीं, तेव्हां आपण सुधारलेली पायरीहि खोडून टाकतों कीं नाहीं? तशांतलाच हा प्रकार.

पेटी बोलली खरी, पण ती पियानोच्या आवाजांत. १९९१ सालच्या एका संकेताप्रमाणें वाद्यांना एकपासून एकशें अठ्ठावीसपर्यंत क्रमांक दिलेले आहेत. त्यांत पत्तीच्या पेटीचा क्रमांक एकवीस. मीं एकवीस घातला, तों अॅकॉर्डियन वाजूं लागलें. नाना म्हणाले, "हे पेटी नोहे." त्यांचें खरें होतें. संकेतांत मोजणी एकपासून होते, पण फ्लुइडसिंथ शून्यापासून मोजतो. वीस घातल्यावर जो आवाज आला, तो ऐकून नानांनीं डोळे मिटले आणि वाजवूं लागले.

चार-सहा ओळी झाल्या आणि ते थांबले. "सूर मांगून येते रे, बापू."

मला कांहींच जाणवलें नव्हतें. पण कागद हातीं होता, म्हणून हिशेब केला. संगणक ध्वनीचा कणन्‌कण सुटा पाठवीत नाहीं. घागर भरली कीं ओततो. माझी प्रणाली सेकंदास ४४,१०० कण या वेगानें चालत होती, आणि पहिल्या दिवसाच्या घाबरगुंडींत मीं घागरी फार मोठ्या करून ठेविल्या होत्या. १,०२४ कणांच्या चार घागरी, म्हणजे ४,०९६ कण. ते वाजण्यास सेकंदाचे सुमारें ९३ सहस्रांश लागतात. तेवढ्या अवधींत हवेंतून ध्वनि ३२ मीटर जातो. म्हणजे नाना देवळाच्या सभामंडपांत पट्टी दाबीत होते, आणि पेटी जणूं पारापलीकडच्या घरांत वाजत होती. मीं घागर ६४ कणांची केली, तेव्हां जुना संगणक दमला आणि आवाज लाह्यांसारखा तडतडूं लागला. शेवटीं २५६ कणांच्या दोन घागरी ठरविल्या. सुमारें १२ सहस्रांश, म्हणजे चार मीटर. नानांनीं वाजवून पाहिलें, आणि मान हलविली. माझ्या कानांनीं ज्याची दखलहि घेतली नाहीं, तें त्यांच्या कानांनीं पकडलें होतें, आणि आंकड्यांनीं त्यांचीच बाजू घेतली.

थेट साउंड कार्डाशीं बोलतांना 'साधन व्यापृत आहे' असें कां आलें, तेंहि मागाहून समजलें. लिनक्सवर साउंड कार्डाशीं बोलणारा पाया 'अल्सा' या नांवाचा आहे. पण अनेक कामें एकाच वेळीं आवाज करूं इच्छितात, म्हणून त्यांच्यावर एक वाटणीदार नेमलेला असतो. पूर्वीं सामान्य कामास 'पल्सऑडिओ' व संगीतकारांस 'जॅक' असे दोन वेगळे वाटणीदार असत, आणि त्यांचें आपसांत जुळविणें जिकिरीचें होई. अलीकडे 'पाइपवायर' हा एकच दोघांचें काम पाहतो, व त्याची १.० ही आवृत्ति २०२३ सालीं निघाली. वाटणीदारानें कार्ड हातीं धरलें असतां मी मागच्या दारानें तें ओढूं पाहत होतों. पुढच्या दारानें गेल्यावर कांहींच अडचण आली नाहीं.

एकादशीच्या दिवशीं संगणक गोधडींत गुंडाळून आम्ही गांवीं गेलों. रात्रीं देवळांत नाना पुन्हां मध्यभागीं बसले. त्यांच्या शिष्यानें उठून जागा दिली, आणि स्वतः टाळ घेतले. पहिल्या अभंगाला लोक थोडे बिचकले. संगणकाचा पडदा देवापुढें विचित्र दिसत होता, हें मीहि कबूल करितों. दुसऱ्या अभंगापासून कोणी पडद्याकडे पाहिलें नाहीं. मी खांबाजवळ बसलों होतों, तेथून मला नानांचा डावा खांदा दिसत होता. हाताला कांहीं गुण आला होता असें नव्हे. तो मांडीवर तसाच पडून होता. पण खांदा मात्र लयीबरोबर हलकेच पुढें-मागें होत होता, भाता चालवावा तसा.

अकरा वाजण्याच्या सुमारास वीज गेली. ऐन रंगांत पेटी पुन्हां मुकी झाली. मी कपाळाला हात लावला, कारण सर्व वाट तपासली होती, पण विजेचा मुक्काम कागदावर लिहिलाच नव्हता! अंधारांतून नानांचें हंसणें ऐकूं आलें. "हवा गेली रे, बापू!" म्हणाले. मग त्यांनीं शिष्यास जुनी पेटी काढावयास सांगितलें, ती समयीच्या उजेडांत वाजूं लागली, आणि नाना उघड्या गळ्यानें गाऊं लागले. वीज अर्ध्या तासानें आली. संगणक पुन्हां सुरू होईपर्यंत त्यांनीं शिष्याला थांबवूं दिलें नाहीं. आणि मग उरलेली रात्र दोन्ही पेट्या बरोबर वाजल्या.

आतां नाना आठवड्यांतून दोनदां या पेटीवर बसतात. भात्यानें सूर फुगवितां येई तसा येथें येत नाहीं, ही त्यांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पायानें दाबावयाची एक कळ जोडून तेवढेंहि साधतां येईल काय, याचा मी विचार करीत आहें. या वेळीं मात्र आधीं कागद घेतला आहे.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र बिघडलें असतां मन शांत ठेवा, एका वेळीं एकच गोष्ट बदला, केलेलें लिहून ठेवा, आणि यंत्र जें सांगतें तें वाचा, एवढेंच सांगून मी थांबलों असतों. परंतु एक गोष्ट राहिली. पालकांनीं मुलांस सांगावी आणि मुलांनीं पालकांस आठवून द्यावी, अशी ती आहे. दोष सांपडण्यापूर्वींच दोषी ठरविण्याची घाई मनुष्यास फार असते. मलाहि झाली. एकादशीनंतरच्या सोमवारीं मीं त्या कीबोर्ड विकणाऱ्या गृहस्थास फोन केला, माझे तिन्ही दोष त्यास क्रमानें सांगितले, आणि क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला. मग त्यानें एवढेंच विचारलें, "मग आतां आवाज येतो ना, साहेब?"

मी म्हणालों, "येतो. आणि वेळेवर येतो."